शनिवारचा अर्धा फेरा

कानबाईच्या आदल्या शनिवारी गटाराच्या पाण्याचा व्हॉल्व्ह सुमनअक्काच्या हातून उघडा राहिला नव्हता. तो मी उघडला होता. एवढंच वाक्य आहे... पण ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, खात्यातल्या कुणाला नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं ती आता ऐकायला राहिली नाही. अशा लेखांमधून लोक गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात. मीही चांगलंच लिहिणार आहे, कारण अक्काबद्दल दुसरं काही लिहिण्यासारखं माझ्याजवळ नाही. जे वाईट आहे ते माझ्या बाजूचं आहे.

बातमी आली तेव्हा मी जळगावात, मेहरूणच्या तलावावर सकाळची चक्कर मारत होतो. अक्काचा मुलगा पंकज सुरतेला कापडाच्या मिलमध्ये असतो, त्याचा फोन. आईला बरं नाही म्हणून तो नुकताच गावी आला होता हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "काका, आई गेली पहाटे." मी विचारलं, त्रास झाला का. तो म्हणाला, "नाही. चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत..." मी निघतो म्हणालो आणि तिथल्याच एका बाकावर बसलो. आता खरं लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो, की त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. सुटलो, असा होता. आता कुणाला कळणार नाही. मग त्या विचाराची इतकी किळस आली, की समोरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसानं हात केला तरी मला हात वर करता आला नाही.

अक्का नात्यानं माझी वहिनी. माझ्या थोरल्या चुलतभावाची, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, त्याची बायको. पण लग्न होऊन आली तेव्हापासून लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत, तसा मीही. आमचं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. नाव लिहीत नाही, गावाला कळेलच. दादा केळीच्या मळ्यात रमलेला, अबोल माणूस. घरातली पिठाची गिरणी अक्कानं हातात घेतली आणि मग ती गावची गिरणी झाली. गिरणीच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, त्यामुळे अक्काला हळू बोलणं माहीतच नव्हतं. एखाद्याच्या घरी सांत्वनाला गेली तरी तिचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचा. पापण्यांवर कायम पीठ. मी शाळकरी होतो तेव्हा दळण घेऊन निघालो, की ती पाठीवर थाप मारायची आणि शर्टावर पाच बोटं पांढरी उमटायची. आई म्हणायची, "अक्कानी शिक्का मारा वाटतं." तो शिक्का झटकायचा नाही, असा आमचा पोरापोरांतला एक नियमच होता.

पुढे मी शिकलो, अभियंता झालो, सरकारी खात्यात सांडपाण्याच्या कामांवर लागलो. तिकडे गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, आणि सही करण्यापुरती कुणीतरी असावी म्हणून गावातल्या पुरुषांनी अक्काला उभी केली. ती निवडून आली आणि पहिल्याच बैठकीला खुर्चीवर जाऊन बसली. एकजण म्हणाला, "अक्का, तुमी कसाले तकलीफ लेतस, आम्ही दखी लेसूत." अक्का म्हणाली, "तुमी आते लोंग दखंच ना भाऊ? म्हणीसन ते मी बसनी." आजवर तुम्हीच बघितलंत ना, म्हणून तर मी बसले, हे ऐकून लोक हसले. तो माणूस मात्र हसला नाही, आणि ते त्यानं लक्षात ठेवलं.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. नदीचा घाट. नकाशावर आमच्या नदीला नाव आहे, आम्ही तिला नुसतं नदीच म्हणतो. गावाचं गटार घाटाच्या थोडं वरच्या अंगाला नदीत उतरायचं. त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांपाशी बारा महिने काळं, फेसाळलेलं पाणी. धुणं बंद झालं, गुरं पाण्यावर जाईनात. आणि श्रावणात कानबाई आली, की बायकांना तिला घेऊन बाभळीच्या काट्यांतून पार वर जावं लागायचं. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, दागिने घालून देवी सजवायची, भाऊबंदांनी एकत्र येऊन रोट करायचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा नैवेद्य. रोटाच्या गव्हाचं माप वेगळं, दळण वेगळं. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. सोमवारी वाजतगाजत देवी नदीवर न्यायची. आमच्याकडे नारळ नदीत बुडवून परत घरी आणतात. आणि आणखी एक. रोट खाल्ल्यावर हात धुतलेलं, ताटं धुतलेलं पाणी मोरीत किंवा गटारात जाऊ द्यायचं नाही. अंगणात खड्डा खणायचा, त्यात ते ओतायचं, आणि वरून माती लोटायची. आमच्या भाऊबंदकीची कानबाई पिढ्यान्पिढ्या दादाच्या घरी बसायची आणि तो खड्डा अक्का स्वतः खणायची.

ग्रामसभेत सांडपाण्याच्या कामाचा विषय निघाला तेव्हा बहुतेकांचं म्हणणं होतं, की रस्ता करू, गटाराचं काय एवढं. अक्का उभी राहिली. तिनं समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांना विचारलं, "आबा, रोटनं पाणी आपन गटारमा कसाले नही टाकतस?"

"देवनं शे म्हनीसन," आबा म्हणाले.

"मंग नदी कोनी शे?"

आबा टोपी नीट करू लागले. अक्का म्हणाली, "एक दिवस पाणीले जपतस, अन बठ्ठं वरीस तेच पाणी कानबाईना घाटवर सोडतस. माले ते काय समजस नही. तुमले समजत व्हई ते सांगा." ठराव झाला. काम माझ्याकडे आलं, कारण मी त्याच खात्यात होतो आणि त्याच गावचा होतो. अक्काला वाटलं, आपलाच माणूस आहे, आता चिंता नाही.

काम साधं होतं. घाटावरून नदीत उतरणारं जुनं गटार अडवायचं, पाणी पाइपानं खालच्या पडीक जागेत न्यायचं, तिथे गाळ बसण्याची टाकी, टाकीतून पुढे खडीचे दोन मोठे वाफे. खडीत कर्दळ लावायची. तिच्या मुळांतून पाणी हळूहळू पाझरत निवळतं आणि घाटाच्या पुष्कळ खाली नदीला मिळतं. वीज नको, मोटार नको. जुनं गटार बुजवलं नाही, अडचणीच्या वेळी असू द्यावं म्हणून त्याच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह बसवला. तो बंद असला की पाणी वाफ्यांकडे जाणार, उघडला की सगळं जुन्या वाटेनं घाटावर. गावातली मंडळी येऊन बघत आणि टोमणे मारत. "सुभाषभाऊ, इंजिनेर व्हईसन गटार करी ऱ्हायनात का बगीचा?" केळीच्या गावात कर्दळ लावण्याचंही त्यांना हसू येई. अक्का म्हणाली, "हसू द्या. केळीसारखीच दखास, पण हाई केळ गावना मैला खास." वाफे चालू झाल्यावर तिनं बाहेर पडणारं पाणी एका काचेच्या बाटलीत भरून गिरणीत ठेवलं. दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला ती बाटली उजेडात धरून दाखवायची. एकजण म्हणाला, "एवढं नितळ शे ते पी ना मंग, अक्का." ती म्हणाली, "पहिले तुले पाजसू."

व्हॉल्व्हची चावी, म्हणजे टी आकाराची लांब लोखंडी दांडी, गिरणीतच खिळ्याला टांगलेली असायची. व्हॉल्व्ह वापरात नसला की गंजून जाम होतो. म्हणून मीच अक्काला शिकवलं होतं, दर शनिवारी अर्धा फेरा उघडायचा आणि परत घट्ट बंद करायचा. तिनं त्याचा नेम धरला. शनिवारी दुपारी गिरणी बंद करून, खांद्यावर दांडी टाकून ती घाटाकडे निघायची, तेव्हा पोरं ओरडायची, "अक्का गदा लई निंघनी..."

आता माझी चूक. चुका दोन आहेत, आणि पहिली तशी माफ होण्यासारखी आहे. कानबाईच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे घरं धुऊन काढतात. भिंतींना चुना, गोधड्या-वाकळा धुवायच्या, डबे-पाट्या घासायच्या, ओटे खरडायचे. एकट्या त्या आठवड्यात गावाच्या गटारात जेवढं पाणी, माती आणि चुना येतो तेवढा एरवी कित्येक महिन्यांत येत नसेल. वाफ्यांचं गणित मांडताना मी माणसं मोजली, घरं मोजली, पण कानबाईचा आठवडा धरलाच नाही. बाहेरच्या अभियंत्याकडून हे सुटलं असतं तर समजण्यासारखं होतं. मी लहानपणी त्याच आठवड्यात आईच्या हाताखाली चुना कालवत आलो होतो.

शनिवारी संध्याकाळी मी वाफ्यांवर गेलो तर खडीवर चुन्याची साय धरलेली, पाणी मुरेना, बांधावरून ओसंडून वाटेवर आलेलं. मंगळवारी जिल्ह्याहून पथक पाहणीला यायचं होतं. आमचं काम इतर गावांना नमुना म्हणून दाखवायचं चाललं होतं, आणि माझ्या बढतीचा विषयही त्याच सुमारास होता. मी विचार केला, एक दिवस पाणी जुन्या वाटेनं सोडू, वाफे उतरतील, वरची साय खरडून काढू, रविवारी संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद करू. विसर्जन सोमवारचं. तोवर घाटावरचं वाहून जाईल. गिरणीत गेलो तेव्हा गर्दी होती, रोटाची दळणं चालली होती. अक्का पट्ट्याशी होती, तिची पाठ माझ्याकडे. मी खिळ्यावरची चावी काढली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि चावी आणून टांगली. अक्काला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, सोडू नको. त्याच दुपारी ती आपला अर्धा फेरा मारून आली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी दादाच्या घरी रोट झाला. भाऊबंद सगळे जमले. मी पोटभर जेवलो. अक्कानं अंगणातल्या खड्ड्यापाशी सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं, माझ्याही. म्हणाली, "सकाय जुना घाटवर नेवानी कानबाई. तुन्हामुये." 'तुझ्यामुळे' या त्या शब्दानं अंगावर मूठभर मांस चढलं, आणि व्हॉल्व्ह... खरंच सांगतो, आठवला होता. मग बायकांची गाणी सुरू झाली, पाय पसरून ओट्यावर बसलो, म्हटलं पहाटे उठून बंद करू. जाग आली ती वाजंत्रीनं.

ते वर्ष कोरडं होतं. नदीला धार नव्हती, घाटापाशी एक डबकं साचलेलं. त्यात दोन रात्रींचं गावाचं पाणी चुन्यासकट उतरलं होतं. मिरवणूक मोठ्या हौसेनं घाटाकडे वळली, कारण कित्येक वर्षांनी बायका जुन्या पायऱ्या उतरणार होत्या. दादाच्या डोक्यावर कानबाईचा पाट. अक्का पुढे झाली, नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली आणि रिवाजाप्रमाणे तो बुडवून वर काढला. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. नारळाच्या शेंडीतून काळं पाणी ठिबकत होतं. नथीवर चुन्याचा लेप. मागच्या बायकांनी लुगडी वर धरली, पदर नाकाला लावले. वाजंत्री आपोआप थांबली. अक्का कुणाकडे बघत नव्हती, गटाराच्या तोंडाकडे बघत होती. तिनं नारळ दादाच्या हाती दिला, तशीच ओलेत्यानं गिरणीकडे गेली, चावी घेऊन आली, व्हॉल्व्ह बंद केला. मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभा होतो. पुढे होऊन तिच्या हातातली चावी घ्यावी एवढंही मला सुचलं नाही. कानबाई परत काट्यांतून वरच्या अंगाला गेली.

मंगळवारी पथक आलं. साय मी सोमवारीच खरडून घेतली होती. वाफे वरून कोरडे, स्वच्छ, हिरवेगार. साहेबांना फार आवडले.

ग्रामसभा लागलीच ठरली होती. त्याआधी अक्का आमच्या घरी आली. आई मळ्यात गेली होती. अक्का ओट्याच्या कडेला बसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"भाऊ, शनिवारे मी अर्धा फेरा मारा. मंग बंद करा. माले ते बंदच करेल याद शे... पण उल्टा फिराई गया व्हई का रे? मन्हाकडथूनच ऱ्हाई गया व्हई ना?"

माझी दुसरी चूक ही. तिला माफी नाही. तिनं मला विचारलं होतं. सरळ, समोर बसून विचारलं होतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, अक्का."

मग उठता उठता तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली. ती गेल्यावर मी बघितलं, गडद निळ्या शर्टावर पाच पांढरी बोटं. मी ती झटकून टाकली.

अक्काच्या पहिल्या बैठकीत जो माणूस हसला नव्हता, त्यानं ग्रामसभेत तोंड उघडलं. "गिरणीना पट्टा अन गावनं पाणी, दोन्ही एकच हातमा कसं ऱ्हाई? आम्ही तं सांगेल व्हतं, आम्ही दखी लेसूत." अक्का उभी राहिली, तिनं हात जोडले. "चूक मन्ही शे. वॉल मन्हा हातथून उघडा ऱ्हायना. कानबाईनी माफी मी घरमा मांगी लिधी. तुमनी अठे मांगस. पण वाफा बंद करू नका. चूक मन्ही शे, पाणीनी नही." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारचा माणूस मला कोपरानं ढोसून म्हणाला, "तुमना एवढा चांगला कामनी माती करी बाईनी." मी मान हलवली. हो अशी हलवली की नाही अशी, ते आता आठवत नाही. आठवत नाही म्हणणं सोयीचंही आहे.

लोकांनी ठरवलं, ते वाफे अपशकुनी आहेत, पाणी होतं तसं जाऊ द्या. व्हॉल्व्ह उघडला गेला आणि उघडाच राहिला. कर्दळ वाळली, मग तिच्यात बकऱ्या शिरल्या. पुढच्या श्रावणात भाऊबंद जमले आणि म्हणाले, कानबाईचं घर बदलायला हवं. मान आमच्या घरी आला. आईला आनंद झाला, तिचा त्यात काय दोष... तिला काहीच माहीत नव्हतं. त्या वर्षापासून कानबाई आमच्या घरी बसते. आमच्या अंगणात खड्डा खणला जातो. अक्का येऊन पोळ्या लाटायला बसायची, गाणी म्हणायची, आणि पंगतीत सगळ्यांच्या शेवटी बसायची. रोटाचं दळण मात्र तिच्या गिरणीत कुणी आणेना, बायका पलीकडच्या गावी जायच्या. पहिल्या वर्षी ती सकाळपासून गिरणी उघडून, जातं पुसून, वाट बघत बसली होती असं दादानं नंतर मला सांगितलं. दुसऱ्या वर्षापासून त्या आठवड्यात तिच्या गिरणीचा पट्टा तुटायचा. दर वर्षी, नेमका त्याच आठवड्यात. कुणी विचारलं की म्हणायची, "काय करू बाई, पट्टा तुटना." मी एकदा नवा पट्टा पाठवतो म्हणालो तर माझ्याकडे बघून हसली. "इंजिनेर शे तू. तुले बी समजत नही का?"

माझी बढती झाली. जळगावला आलो, मेहरूणला घर घेतलं. पुढे दादा गेला. पंकज सुरतेला होताच. अक्का एकटी गिरणीत. वर्ष-दीड वर्षापूर्वी तिच्या तपासण्यांसाठी ती काही दिवस आमच्याकडे राहिली. पायांवर सूज होती, तरी संध्याकाळी म्हणाली, तुमचा तलाव दाखव. काठावर बसून आम्ही फुटाणे खाल्ले. ती पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "वास ते येत नही इतला." मी म्हणालो, आज वारा पलीकडचा आहे. ती मोठ्यानं हसली, आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मग म्हणाली, "भाऊ, एक गोष्ट तुले कधी बोलनी नही. तव्हय माले बठ्ठं गाव बोलनं. भाऊबंद बोलनात. तुन्हा दादा बी एकदाव बोलना. तू एकला बोलना नही. तुन्हं इतलं मोठं काम मन्हामुये गयं, पण तू एक शबद बोलना नही. ते मी इसरनी नही."

ती माझे आभार मानत होती. मी तोंड उघडलं. तेव्हा सांगितलं असतं तर... तिच्या वाट्याला निदान शेवटचं वर्ष तरी स्वतःवरचा आळ उतरून आलं असतं. पण मी म्हणालो, "चल अक्का, गार वारा सुटला." आणि तिला हाताला धरून उठवलं. ती आमची शेवटची भेट.

दशक्रियेला पुन्हा गावी गेलो. विधी नदीवर झाला, पण घाटावर नाही. काट्यांच्या वाटेनं वरच्या अंगाला जाऊन. खाली घाटापाशी पाणी काळं होतं, त्या पाण्यावर कावळेसुद्धा बसले नसते. परत आल्यावर पंकजनं गिरणी उघडली. जात्यावर, तराजूवर, खिडकीच्या गजांवर पिठाची बारीक साय. खिळ्याला ती चावी टांगलेली होती. मी हात लावला तर बोटांना तेल लागलं.

पंकज म्हणाला, "काका, ही तुमच्या खात्याची ना? घेऊन जा. आता कोण फिरवणार..." मी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, "आई जायची ना दर शनिवारी. शेवटच्या महिन्यात चालवत नव्हतं तर रिक्षा करून गेली. मी म्हटलं, आई, ते वाफे कधीच मेले, तू कशाला तो व्हॉल्व्ह फिरवत बसतेस? तर म्हणाली, 'सुभाषभाऊनी सांगेल शे, शनिवारे फिरावाना, नहीते जाम व्हई जास. कव्हय ना कव्हय कोनी तरी तो बंद करी. तव्हय तो फिराले पाहिजे.'"

मी चावी घेऊन घाटावर गेलो. व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर झाकण होतं, ते कुणीतरी नीट बसवलेलं. चावी घातली. इतक्या वर्षांचा, उघडाच राहिलेला, गावाच्या घाणीत उभा असलेला तो व्हॉल्व्ह नव्यासारखा फिरला. बंद करत न्यावा असं वाटलं, पण पलीकडे काहीच नव्हतं. वाफे मातीनं भरलेले, पाइप फुटलेला. बंद केला असता तर पाणी कुणाच्यातरी शेतात शिरलं असतं. अर्धा फेरा फिरवला आणि परत आणला, तिच्यासारखाच. चावी गिरणीत नेऊन खिळ्याला टांगली. घेऊन जायचा मला हक्क नाही.

पंकजनं हे वाचण्याआधी मी त्याला फोन करून सांगणार आहे. हा लेख लिहून काही फिटलं असं मी समजत नाही. तो मी जळगावात, माझ्या घरात, दार लावून लिहिला आहे. अक्का उभी राहिली होती ती जागा गावात आहे. त्या जागी उभं राहून, तोंडानं, चूक माझी होती एवढं म्हणणं, हे मी अक्काचं देणं लागतो. ते वाफे उकरून, खडी भरून, या वेळी कानबाईचा आठवडा धरून पुन्हा चालू करणं लागतो, म्हणजे मग तो व्हॉल्व्ह बंद करता येईल. आणि कानबाई आमच्या घरातून उचलून तिच्या अंगणात परत नेणं लागतो. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.